मोहरीएवढा डाग

समुद्राच्या तळाशी एक केबल पडून असते आणि आपला सगळा कारभार तिच्यावर चालतो, हे शहरातल्या बहुतेकांना ती मेल्यावरच कळलं. मनगटाएवढी जाड केबल, आत केसासारखे काचेचे तंतू आणि तंतूंतून पळणारा उजेड. त्या उजेडावर बँका चालत, जहाजांचे कागद येत, आणि दोन देशांचे मंत्री एकमेकांना सणावारी शुभेच्छा व एरवी धमक्या देत.

मामींना मात्र ती केबल माहेरच्या वाटेसारखी पाठ होती. मामी म्हणजे किनाऱ्यावरच्या केबल केंद्रात सांधे करणाऱ्या बाई. तुटलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली जुळवायचे, वितळवून एक करायचे, वर तांब्याची नळी चढवायची, साच्यात प्लास्टिक ओतायचं आणि ते आपलं आपण थंड होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं, असं त्यांचं काम. सांधेवाल्या बाई म्हटल्यावर शेजारच्या दोन म्हाताऱ्या एकदा गुडघे दाखवायला आल्या होत्या. घरात नणंदेचा मुलगा त्यांना मामी म्हणायचा, ते ऐकून केंद्रावरचा पहारेकरी म्हणू लागला, आणि हळूहळू केंद्रप्रमुखांच्याही तोंडात तेच बसलं.

यजमान गेल्यापासून नणंद-भावजय एकाच घरात राहत होत्या. भांडी नणंद घासायची, कारण मामींच्या बोटांना चरा पडून चालत नसे. "आमच्या वहिनींचे हात म्हणजे सरकारी मालमत्ता," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे आणि पातेलं जरा जोरातच आपटे.

केबलमध्ये एक साधी बोलायची लाइन दोन्ही किनाऱ्यांवरच्या कामगारांसाठी राखून ठेवलेली होती. रोज सकाळी आठ वाजता तिच्यावर पलीकडच्या देशातल्या केंद्रातले एक सांधेवाले मोडक्यातोडक्या भाषेत विचारत, "उजेड आला का?"

मामी मापकाकडे बघून म्हणत, "आला. तुमच्याकडे?"

"आला."

एवढंच बोलणं, पण वीस वर्षं चाललेलं. मामी त्यांना 'पलीकडचे' म्हणत, आणि ते मामींना 'पलीकडच्या' म्हणत. आपण स्वतः अलीकडचेच, याबद्दल दोघांच्याही मनात कधी शंका आली नाही. देशांचंही असंच असतं म्हणा.

त्या शुक्रवारी आठ वाजले आणि लाइन मुकी राहिली. मामींनी यंत्र लावलं. हे यंत्र किनाऱ्यावरून उजेडाचा एक ठिपका आत सोडतं आणि तो कुठून माघारी आला ते सांगतं. पडद्यावर अंतर उमटलं, एकशे बेचाळीस किलोमीटर. मामी उभ्या होत्या त्या खाली बसल्या. तो आकडा त्यांना ओळखीचा होता, अगदी घरातल्या माणसाच्या चपलेच्या आवाजासारखा.

"योगायोग असेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि पुढचे चार दिवस दुसऱ्या कुणाशी त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

ते चार दिवस शहराने झोपेत चालल्यासारखे काढले. बाजाराच्या इमारतीवरचा भावांचा फलक एका आकड्यावर थांबला होता. लोक त्याच्याखाली येऊन उभे राहायचे, तो हलतो का बघायचे आणि न बोलता निघून जायचे. बंदराबाहेर धुक्यात जहाजांची रांग लागली होती. आत धान्य होतं, औषधं होती, पण कुणाचं काय ते सांगणारे कागद पलीकडे अडकले होते. फोन वाजायचे थांबले म्हणून लोक खुर्च्या घेऊन फुटपाथवर बसू लागले, आणि वर्षानुवर्षं एका जिन्यात राहणाऱ्यांना एकमेकांचे आवाज पहिल्यांदाच कळले. दुपारी खिडकीतून ऊन यायचं, भिंतीवरून सरकायचं, आणि त्याच्याकडे बघत बसायला सगळ्यांना वेळ होता. मामींना ते सारं सुंदर वाटे, आणि असं वाटल्याचीच त्यांना भीती वाटे.

नणंद बँकेत खिडकीवर बसायची. ती घरी आली की चपला काढायच्या आधीच बोलायला लागे.

"वहिनी, पैसे आहेत हो. सगळ्यांचे आहेत. पण आहेत म्हणून सांगणारं कुणी नाही. माणसं काचेवर हात ठेवून माझ्याकडे बघतात, जसं काही मीच गिळलेत."

"येईल उजेड," मामी म्हणाल्या.

"कधी? युद्ध झाल्यावर?"

ते काही उगाच बोलणं नव्हतं. केबल मेली त्याच्या दोन दिवस आधी पलीकडच्या देशाचं एक मोजणी करणारं जहाज त्याच पाण्यावरून गेलं होतं. तेवढं पुरलं. त्यांनीच केबल कापली, असं आधी एक जण म्हणाला, मग सगळे म्हणाले. पलीकडेही नेमकं तेच चाललं होतं, फक्त कापणारे आपण होतो. सरकारने गुरुवारी दुपारी बाराची मुदत दिली. माफी मागा, नाहीतर आमची जहाजं निघतील. राखीव दलातल्या पोरांना पत्रं गेली, आणि त्यांत भाच्याचंही होतं. सोमवारी त्याने काळे बूट पॉलिश करून दाराशी ठेवले. जाता-येता मामींचा पाय त्यांना लागे. ते बूट त्याच्या पायांपेक्षा मोठे होते.

"मोजे दोन घाल," एवढंच मामी त्याला म्हणाल्या. तो हसला आणि म्हणाला, "मामी, तुम्ही एक सांधा मारून टाका ना, म्हणजे मला जायलाच नको."

मंगळवारी दुरुस्तीचं जहाज केबलचं आपल्या बाजूचं टोक वर घेऊन आलं, आणि बुधवारी सकाळी ते केंद्राच्या सांधेखोलीत टेबलावर ठेवलं गेलं. ही खोली मामींची. धूळ नसलेली हवा, पांढरा दिवा, पायात कापडी मोजे. तिथे आज मंत्रालयातले साहेब बुटांनिशी उभे होते.

"हे बघा," साहेब म्हणाले. "किती सफाईने कापलंय. फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत दिलाय आम्ही. तुमच्या सहीचा दाखला तेवढा पाहिजे."

मामींनी टोकावरून बोट फिरवलं. मग केंद्रप्रमुखांकडे बघितलं. केंद्रप्रमुख खिडकीबाहेर बघत होते.

"साहेब, हे आपणच कापलंय."

"म्हणजे?"

"तळाला पडलेली केबल ताणलेली असते. अख्खी वर ओढायची म्हटलं तर येत नाही. म्हणून जहाज आकडा टाकतं, त्याला पातं असतं, ते आधी केबल कापतं आणि मग एक टोक वर आणतं. नेहमीच असं करतात. प्रमुखांनाही माहीत आहे."

प्रमुखांनी घसा खाकरला. टोक वर आलं तेव्हापासून ते मूग गिळून बसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं आयुष्यभराचं धोरण होतं.

साहेब माणूस वाईट नव्हते. ते स्टुलावर बसले, आणि पहिल्यांदाच थकलेले दिसले. "ठीक. मग मेली कशाने? बाई, मला मंत्र्यांना जाऊन सांगायचंय. 'कापली नाही' एवढ्याने जहाजं थांबणार नाहीत. 'कारण माहीत नाही' म्हटलं तर मग मुळीच नाहीत. ज्याला कारण माहीत नसतं तो शेजाऱ्याचंच नाव घेतो. मला खरं कारण द्या, नाहीतर सही द्या. उद्या सकाळी दहापर्यंत."

ते गेल्यावर मामींनी दार लावून घेतलं. टोकापासून हातभर आत सांध्याचं पोलादी आवरण होतं. त्यावर क्रमांक आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख. तारीख बघायची त्यांना गरज नव्हती. तरी त्यांनी बघितली, आणि मग आवरण उघडलं.

प्लास्टिकमध्ये एक काळी वाट होती, सुईने ओढल्यासारखी. बाहेरून आत गेलेली, थेट तांब्यापर्यंत. तांबं हिरवं पडून फुटलं होतं, आणि आतले तंतू तुटले होते. नऊ वर्षं समुद्र त्या वाटेने आत चालत होता, घाई न करता.

पांढऱ्या दिव्याखाली बसल्या बसल्या मामींना वाटलं, खोलीत पाणी भरतंय. त्यांना ते वाईट वाटलं नाही. हिरवा उजेड टेबलाच्या पायांशी आला, हातांपर्यंत चढला, आणि त्यात त्यांना नऊ वर्षांपूर्वीचं जहाज दिसलं.

भर समुद्रात हा सांधा त्यांनीच केला होता. तिसऱ्या दिवशी वायरलेसवर निरोप आला होता की यजमानांची शुद्ध हरपत चालली आहे, लवकर या. सांधा झाला, साचा थंड झाला, एक्स-रेची फिल्म काढली. नियम असा की फिल्म दोन्ही देशांच्या माणसांनी बघायची आणि दोघांनी सही करायची. पलीकडचे त्या वेळी जहाजावर होते. दोघांनी फिल्म उजेडाला धरली. प्लास्टिकमध्ये मोहरीएवढा ठिपका दिसत होता. तो फिल्मवरचा डाग असेल किंवा आतला बुडबुडा असेल. शंका आली की साचा फोडून सांधा पुन्हा करायचा, त्याला एक अख्खा दिवस लागतो.

पलीकडच्यांनी फिल्मकडे बघितलं, मग मामींकडे.

"डाग आहे," ते म्हणाले. "फिल्मवरचा. तुम्ही घरी जा."

त्यांनी आधी सही केली. मग मामींनी केली. राईचा पर्वत म्हणतात तो असा उभा राहायला नऊ वर्षं लागली होती.

ती फिल्म केंद्राच्या कपाटातच होती. मामींनी ती काढून उजेडाला धरली. ठिपका तिथेच होता, आणि खाली दोन सह्या शेजारी शेजारी, लग्नाच्या दाखल्यावर असाव्यात तशा. स्वतःच्या सहीचं त्यांना काही वाटेना. नोकरी जाईल, सांध्याचा हक्क जाईल, लोक बोट दाखवतील. ते त्यांनी एका श्वासात पत्करलं. पण दुसऱ्या सहीचं काय? त्या देशात या दिवसांत असल्या चुकीला काय म्हणतील, फितुरी म्हणतील का, आणि त्या माणसाला कुठे नेतील? ज्याने दया केली त्याच्याच गळ्यात फास टाकायचा? आणि नाही टाकला तर दाराशी ते दोन बूट होते.

घरी आल्यावर त्यांनी नणंदेला सगळं सांगितलं. नणंद पातेलं घासत होती. तिने ते या खेपेला आपटलं नाही.

"दादाला भेटायला तुम्ही पोहोचलात, ते यामुळे?"

"हो."

नणंदेने घासलेलं पातेलं पालथं घातलं. दादा तिचा सख्खा भाऊ होता. मग म्हणाली, "वहिनी, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. लिहा. पण त्या माणसाला सांभाळून लिहा."

गुरुवारी सकाळी मामींनी लिहिलं. केबल कुणी कापली नाही. सांधा माझा. ठिपका दिसला होता. तो डाग आहे असं मी म्हणाले. दुसऱ्या देशाच्या तज्ज्ञांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली, त्यांचा दोष नाही. खऱ्याच्या पोटात एवढं एक खोटं त्यांनी जपून ठेवलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "तुम्हाला कळतंय ना, याने तुमचं काय होईल?"

"तुम्ही निघा, साहेब. बाराला दोनच तास राहिलेत."

बारा वाजले. भाचा बूट घालून खुर्चीवर बसला होता, नणंद त्याच्यासमोर, मामी खिडकीशी. बंदराचा भोंगा वाजला तर निघायचं होतं. साडेबारा वाजले. समोरच्या घरातल्या पडद्याला वारा भरत होता आणि सुटत होता. एक वाजला. मग भाच्याने हळूच एका बुटाची नाडी सोडली.

काय घडलं ते संध्याकाळी साहेबांनीच येऊन सांगितलं. दाराशी बूट काढून ते आत आले. दोन्ही देशांचे कागद तिसऱ्या एका देशाच्या वकिलातीत एकाच टेबलावर पोहोचले होते. पलीकडूनही कागद आला होता.

"त्यांच्या सांधेवाल्याने शुक्रवारीच अंतर मोजलं होतं म्हणे," साहेब म्हणाले. "चार दिवस कुणी त्याचं ऐकेना. शेवटी बुधवारी ऐकलं. त्याने लिहिलंय, ठिपका दिसला होता, डाग आहे असं मी म्हणालो, त्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांचा दोष नाही." साहेबांनी डोकं खाजवलं. "पन्नास वर्षं आमचे लोक त्या टेबलावर भांडतायत. चूक तुमची, चूक तुमची. आज दोन्हीकडचे कागद म्हणतायत, चूक आमची. आमचे मंत्री पाणी प्यायले. त्यांचेही प्यायले. दोघांपैकी एक खोटं बोलतोय, एवढंच सगळ्यांना कळलं. कोण ते मी विचारत नाही."

मामींनी पदराने डोळे पुसले. लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

शिक्षा व्हायची ती झाली. दोघांचाही सहीचा हक्क काढून घेतला, पण हा एक सांधा झाल्यावर; कारण तो करू शकणारे हात दोन्ही देशांत मिळून तेवढेच मोकळे होते. आठवड्याने भर समुद्रात दुरुस्तीचं जहाज उभं राहिलं. अर्ध्या कोसावर आपली लढाऊ जहाजं, दुसऱ्या अंगाला त्यांची, एकमेकांकडे तोंडं करून. धुकं इतकं मऊ होतं की तोफा सुद्धा कपडे वाळत घालायच्या काठ्यांसारख्या वाटत होत्या. पलीकडचे शिडीवरून वर आले. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. बोटं मात्र तीच होती.

"तुम्ही खोटं लिहिलंत," ते म्हणाले.

"आणि तुम्ही खरं लिहिलंत. ते जास्त वाईट."

मग दोघं कामाला बसले. तंतू जुळले, वितळले, एक झाले. प्लास्टिक ओतलं, साचा थंड झाला, फिल्म निघाली. दोघांनी ती उजेडाला धरली.

ठिपका होता. मोहरीएवढा.

कप्तान मागे उभा होता. त्याच्या मागे दोन्ही आरमारांचे अधिकारी, आणि त्यांच्याही मागे, धुक्यापलीकडे, थांबलेला फलक आणि काचेवर हात ठेवून उभी असलेली माणसं. पलीकडच्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. या खेपेला बोलण्याची पाळी मामींची होती.

"पुन्हा," मामी म्हणाल्या.

"बाई, अख्खा दिवस जाईल," कप्तान म्हणाला. "दोन देश वाट बघतायत."

"बघू देत."

सांधा कापून टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुपार झाली. दुसऱ्यांदा प्लास्टिक ओतून झालं आणि साचा थंड व्हायला ठेवला. तेवढ्या वेळात पलीकडच्यांनी टाकून दिलेला सांधा मांडीवर घेतला आणि लहान हातोडीने प्लास्टिक कणाकणाने फोडून बघितलं. आत काही नव्हतं. ना बुडबुडा, ना चीर. या खेपेला तो खरोखरच फिल्मवरचा डाग होता.

त्यांनी तो तुकडा मामींना दाखवला. आधी त्यांचे खांदे हलले, मग मामींचे. दोन देशांची आरमारं खोळंबवून ती दोन म्हातारी माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अधिकाऱ्यांना काय झालं ते कळेना, आणि सांगायच्या फंदात कुणी पडलं नाही.

मग दोघं रेलिंगला टेकून बसली. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पलीकडच्यांनी, समुद्राकडेच बघत, नऊ वर्षांत एकाही सकाळी न विचारलेलं विचारलं.

"त्या वेळी पोहोचलात का तुम्ही?"

"पोहोचले. दोन तास मिळाले. शुद्धीवर होते. माझे हात हातात घेऊन म्हणाले, किती गार पडलेत."

पलीकडच्यांनी मान हलवली. "मग ठीक," ते म्हणाले.

साचा अजून कोमट होता. दोघांपैकी कुणीही त्याला हात लावला नाही.